परमिटवरचं क्रियापद

सोहारच्या कॅम्पात, ब्लॉक सातच्या मेसमध्ये
शुक्रवारी जेवणं उरकली की मी इंग्रजी शिकवायचो.
म्हणजे हॉट वर्क परमिटवरचं,
ज्याच्याखाली सही करावी लागते तेवढंच.

त्या दिवशी शब्द होता इग्नाइट.
फळ्यावर लिहिलं: पेटणे. पेटवणे.
दाऊद परकार मागून म्हणाला, "सर, दोन्हीला एकच?"
एकच.
"मग कळणार कसं, आपोआप पेटलं की कोणी पेटवलं?"
मी म्हणालो, पुढे कर्म आहे का बघायचं.

मग सुटलेच सगळे.
चूल पेटवतात, पण दिवा लावतात,
विडी शिलगावतात, निखारे फुलवतात,
काडी ओढतात; भांडण असेल तर
काडी टाकतात नि लांबून बघतात.
चितेला अग्नी देतात.
देतात, सावंत पुन्हा म्हणाला, आणि गप्प झाला.
खिडकीबाहेर फ्लेअर जळत होता.
तो लावताना आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता.

"आमची आई चूल पेटवायचीच नाही," दाऊद म्हणाला.
"रात्री निखारा राखेत पुरायची. सकाळी फुंकर.
फुंकरीला काय म्हणायचं, सर?"
मला आलं नाही.
म्हटलं, पुढच्या शुक्रवारी सांगतो.

मग टाकी अकरा.

रिपोर्ट माझ्याकडे आला, मराठी करायला.
खेडला पाठवायचा होता.
व्हेपर इग्नाइटेड.
पुढे कर्म नाही. मी चार वेळा बघितलं.
डिटेक्टर न तपासता टिक करणारा,
परमिटवरची वेळ खोडून नवी घालणारा,
"दहाच मिनिटांचं काम आहे" म्हणणारा,
सगळे त्या वाक्याच्या बाहेर
हेल्मेट काढून उभे.

दाऊदला इथेच माती दिली.
हेही देतातच.

वाफ पेटली, असं लिहिलं.
पेटली आणि पेटवली,
मध्ये एक व.
तो घातला. पूर्ण वाक्य वाचलं.
ऑफिसातून फोन आला, झालं का म्हणून.
खोडला.
झालं, म्हणालो.

फळा कुणी पुसलेला नाही.
माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर
एकच अक्षर आहे,
वर दुसरी पानं दाबून ठेवलेलं,
राखेखाली ठेवतात तसं.
फुंकरीचा शब्द अजून सापडायचाय.