नववी चौकट

दोन मिनिटांची सुरुवात.
त्यातले एकशे आठ सेकंद ठरलेत, उरलेत बारा.
त्या बारा सेकंदांसाठी आम्ही चौघं
ग्रिम्सबीच्या गोदीमागे,
बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याला पाठ टेकून
चिप्सचा एकच पुडा फिरवतोय.
व्हिनेगरने बोटं चुरचुरतात.

आठ चौकटी माझ्या वहीत काढून झाल्यात:
दिवा. जिना. ओला रस्ता.
कुणाचे तरी बूट, फक्त बूट
(चेहऱ्याला नट लागतो, म्हणतो डोमस),
मग बाई, पाठमोरी, हातात पिशवी.
बूट थांबतात, पुन्हा निघतात.
नववी कोरी.
तिच्यावर तेलाचा एक डाग पडलाय
आणि खरं सांगायचं तर
आजवरच्या सगळ्या कल्पनांत तोच त्यातल्या त्यात बरा.

ऑर्ला म्हणते, बाई वळते. डोळे मोठ्ठे. अंधार. नाव.
पर्सी म्हणतो, सगळ्याच बाया वळतात,
कॅमेरा वर न्या, उंच, क्रेनवरून.
क्रेन कुठून आणणार, आजोबांची शिडी?
तर हो, शिडीच.
आणलीच होती त्याने, सायकलला आडवी बांधून,
वाटेत दोन गाड्यांचे आरसे थोडक्यात वाचवत.
डोमस म्हणतो, पिशवी पडते,
एक संत्रं घरंगळत येतं थेट भिंगापाशी.
संत्रं सगळ्यांना आवडलं.
संत्र्यावर वीस मिनिटं गेली:
उतार कुठल्या बाजूला,
सुटं मिळतं की अख्खी जाळी घ्यावी लागते,
आणि नेमकं गटारात गेलं तर.
नमुन्याचं एक डोमसच्या खिशात होतंच.

साडेदहाला त्याची आई आली, यूर्गिता,
माशांच्या फॅक्टरीतली पाळी संपवून.
कपाळावर टोपीच्या जाळीचा वळ अजून ताजा.
आमची बाई तीच. फुकट. पंधरा मिनिटं, मग शेवटची बस.

ऑर्लाने समजावलं:
तुम्ही चालताय, मागे पावलं वाजतात, तुम्ही वळता.
‘का वळते?’
‘भीती वाटते म्हणून.’
तिने क्षणभर ऑर्लाकडे असं पाहिलं
जसं कुणी चुकीची सुट्टी मोड परत देणाऱ्याकडे पाहावं.
‘वळायचं नाही,’ म्हणाली.
‘वळलं की त्याला कळतं, आपल्याला कळलंय.’

आणि चालून दाखवलं. कॅमेरा बंदच होता.
पिशवी डाव्या हातात गेली.
उजवा खिशात गेला, बाहेर आला तेव्हा
मुठीच्या फटींतून तीन किल्ल्या
टोकं पुढे करून उभ्या होत्या.
चाल तीच. खांदे तेच.
फक्त ती काहीतरी गुणगुणायची थांबली,
आणि ती गुणगुणत होती
हे आम्हाला थांबल्यावर कळलं.

कुणीच काही बोललं नाही.
डोमस खिशातलं संत्रं काढून
खाली मान घालून सोलायला लागला.

मी लिहून घेतलं: कॅमेरा कमरेच्या उंचीवर.
शिडी नको. मूठ स्पष्ट, बूट मागे पुसट.
संगीत नाही. गुणगुण, मग नाही.
‘आणि नाव कुठे येणार?’ ऑर्ला.
माहीत नाही. नाव नंतर बघू.
हात मला कधीच जमत नाहीत,
अंगठा नेहमी परका वाटतो, दुसऱ्या कुणाचा.
तीनदा खोडला, तेलावर पेन्सिल चालेना.
शेवटी डागाभोवतीच मूठ काढली.

गुरुवारी शूट. आज बस.
थांब्यापर्यंत तिला सोडायला म्हणून
आम्ही मागून निघालो,
ती पुढे, पिशवी डाव्या हातात,
मागे ओल्या रस्त्यावर चौघांचे बूट.
अर्ध्या वाटेत पर्सी अचानक गप्प झाला
आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेला,
शिडीसकट.