तुलनेची कुंडी

मिश्खाबात जुलैमध्ये सावलीची कडसुद्धा करपलेली असते.
पावणेदोनला वीज गेली.
डावीकडच्या खोलीत बेचाळीस अंश,
तिथली भाताची रोपं आम्ही मुद्दाम तापवत होतो.
उजवीकडे अठ्ठावीस.
तिथल्यांनी नुसतं असायचं,
कुणी न छळता,
म्हणजे छळानं काय होतं ते मोजता यावं.
वहीत त्यांच्यापुढे मी लिहायचे: तुलना.

बाहेर एकावन्न.
मुहन्नद जनरेटरच्या मागे, शिव्यांसकट.
उजव्या खोलीचा काटा: एकतीस. चौतीस.

हुस्नियानं विचारलं, आता आत काय होतंय त्यांच्या?
पुस्तकातल्या नावांचा तिला काय उपयोग.
मी म्हटलं, पेशीत एक जण असतो,
त्याला कायम कुणीतरी धरून बसलेलं असतं,
लग्नघरात तापट पुतण्याला
आत्या दंडाला धरून बसवते तसं.
धरणाऱ्यांचं खरं काम वेगळंच,
प्रथिनांच्या घड्या मोडल्या की पुन्हा घालायच्या.
गारव्यात घड्या मोडत नाहीत फारशा,
हात मोकळे, म्हणून त्याचा दंड.
मग ऊन चढतं.
घड्या सुटतात, एकदम, जिकडेतिकडे,
आणि हात तिकडे धावतात.
त्याला कुणी हाक मारत नाही.
आग लागली असंही सांगत नाही.
दंडावरचा हात गेला,
एवढंच त्याला कळतं.
तो उठतो, आपल्यासारखे आणखी दोन गाठतो,
तिघं एकमेकांत अडकून आत शिरतात,
सगळं लिहून ठेवलेलं असतं तिथे,
आणि नेमक्या ओळीवर बोट ठेवतात:
आणखी हात हवेत.

आणि हात आले की?
आले की त्यातलेच काही परत त्याच्या दंडावर.

ती हसली. चाळीस वर्षं चिखलात वाकून अंबर लावलेली बाई,
हसतानाही कमरेला हात लावते.
मग बादलीत बघत म्हणाली,
त्र्याऐंशीत माझ्या भावाला मी असंच धरून ठेवलं होतं.
पीठ मळायचं होतं, म्हणून सोडला.

छत्तीस.
बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, अर्धी वाटेतच वाहून गेली.
ओली पोती टाकली कुंड्यांवर,
पुठ्ठ्यानं वारा घातला.
मुहन्नदनं स्वतःच्या पिण्याचं पाणी ओतलं,
मग विचारलं, हे चालतं ना?
सदतीस.

चार वीसला पंखे घरघरले.
जब्बार साहेब आले, काट्याचा आलेख पाहिला,
चष्मा काढून डोळे चोळले.
टाकून द्या, म्हणाले. यांची तुलना आता कशाशी?
खरंच होतं. पान तजेलदार, हिरवंगार,
वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.
आत तिघं जाऊन आले होते.

ऊन एकदा बेतानं चाटून गेलं
की रोप काही दिवस लक्षात ठेवतं,
पुढच्या चटक्याला लवकर उठतं.
हेही पुस्तकात आहे.
किती दिवस, ते आम्ही मोजणार होतो.

तुलना हा शब्द मी खोडला.
त्या जागी काय लिहावं सुचेना,
म्हणून लिहिलं: यांनाही कळलं.
साहेबांनी सही करताना वाचलं, बोलले नाहीत.

हुस्नियानं सहा कुंड्या डोक्यावरच्या परातीत घेतल्या.
टाकते म्हणाली.
कालव्याला यंदा पाणी टाचेइतकं,
तरी ती तिकडेच वळली, उकिरडा दुसऱ्या बाजूला असून.

उद्यापासून नवं बी भिजत घालायचंय.
गार खोली कुठली म्हणायची
ते अजून ठरलेलं नाही.