गव्हाणी

आयव्हर थर्टल, माझा शेजारी.
सव्वीस हंगाम बीटाच्या साखर कारखान्यात
बॉयलरपाशी उभा राहिला,
आता गुडघे गेले म्हणून फक्त पाखरांपाशी उभा राहतो,
रीडहॅमच्या दलदलीत, हातात जुना कॅमेरा.

जानेवारीत नऊ दिवस पाऊस थांबला नव्हता.
दहाव्या दिवशी, सकाळी अकराला,
त्याला ते दिसलं कुंपणाच्या खांबावर :
पत्त्यातल्या बदामासारखं तोंड,
भिजून निम्मं झालेलं अंग,
एक डोळा मिटलेला, दुसरा थेट भिंगात.
त्याने एकदाच बटण दाबलं आणि मागे सरकला.
उडालं असतं, तर उडण्यात गेलं असतं
जे काही उरलं होतं ते.

हे मला त्याने नंतर सांगितलं.
आवाज न करता उडायचं तर पिसं मऊ लागतात,
आणि मऊ पिसं पाणी पितात.
पावसात शिकार नाही.
भर दिवसा बाहेर आलंय
म्हणजे उपाशी आहे.

नातीला, ब्रायनीला, फोटो आवडला.
तिने खाली तीनच शब्द लिहिले :
सोमवार. कॉफीच्या आधी.
बुधवारपर्यंत ते ओहायोतल्या कुणा हिशेबनीसाचं
वार्षिक विवरण झालं होतं,
मग कुणाचा घटस्फोट, कुणाची डाएट,
मग एका संघाचा गोलकीपर.
नॉरिचच्या बाजारात ते मगवर आलं.
आयव्हरने एक मग विकत घेतला. पूर्ण पैसे देऊन.

शुक्रवारी रात्री सांगलीहून
धैर्यशीलने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं :
‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणणाऱ्याची वाट बघताना.
मी हसले.
खरं सांगते, आधी हसले,
हसरा चेहराही दाबला,
मग खांब ओळखला.
त्याला बांधलेली निळी नायलॉनची दोरी
मी रोज कामावर जाताना बघते.

आयव्हरला दाखवलं. काय लिहिलंय, त्याने विचारलं.
मी जमेल तसं सांगितलं.
‘वाट बघत होतं, हे बरोबर आहे,’ तो म्हणाला.
मग, तुमच्यात याला काय म्हणतात?
गव्हाणी घुबड, म्हटलं.
गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांपुढे वैरण टाकतात ती जागा.
गवानी, गवानी, त्याने दोनदा म्हणून पाहिलं,
आणि हातानेच दाखवलं रस्त्यापलीकडचं ते कोठार
जिथे आता सुट्टीवाल्यांसाठी चार खोल्या आहेत
आणि गरम पाण्याचा टब.

माझी आत्या सांगायची, घुबडाला दगड मारू नये.
ते तो उचलतं, ओढ्यावर नेतं, घासत बसतं.
दगड झिजेल तसा मारणारा झिजतो.
त्या रात्री मी धैर्यशीलची प्रत
दोन बोटांनी मोठी करून पाहिली.
पिसांचे चौकोन झाले होते.
थेंब कुठेच नव्हते.
दोरी म्हणजे एक निळा डाग.
दगड तर कुणीच मारला नव्हता,
तरी हातोहात काहीतरी झिजत आलं होतं
सांगलीपर्यंत, आणि परत.

फेब्रुवारीत आयव्हर दारात आला,
हातात पावाची पिशवी.
खांबापासून वीस पावलांवर, म्हणाला.
त्याच्या काट्याचा सेल संपला होता,
म्हणून माझ्या ओट्यावर, पोळ्यांचं पीठ मोजते त्यावर,
आम्ही ते ठेवलं.
दोनशे अकरा ग्रॅम.
चहाचा पुडा याहून जड असतो.
पंख एकदा उघडून त्याने नीट मिटले.
वहीत तारीख लिहिली, जागा, वजन.
कॅमेरा गळ्यातच होता.

ग्रुपवर मी काही लिहिलेलं नाही अजून.
त्या फोटोखाली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे
अकरा पिवळे चेहरे तसेच आहेत.
त्यातला एक माझा.