धलकूतच्या वळणावर

"इथे सुरक्षित आहे ना?" त्याने विचारलं,
भाड्याच्या गाडीची काच चार बोटं खाली करून.
मी चहात दूध ओतत होते.
धुकं इतकं की गाडीचं नाक त्याला दिसत नव्हतं,
म्हणून म्हटलं, वळण जपून घ्या,
उंट रस्त्यातच बसतात.

त्याला उंटांचं विचारायचं नव्हतं.
त्याच्या मनात होता एक नकाशा,
पार मोरोक्कोपासून जावापर्यंत
एकाच रंगात बुचकळून काढलेला,
आणि हातात एकच चिठ्ठी: जा, किंवा जाऊ नका.
ती कुठे डकवायची, एवढंच.

माझ्या दुकानाची कडी गंजून गेलीय.
बाप आजारी पडला तेव्हा मी सलालाला होते तीन दिवस,
दुकान सताड उघडं.
परत आले तर बशीखाली सात चहांचे पैसे,
एक बिस्किटांचा पुडा तेवढा गायब. तो बकरीने.
हे सांगावं त्याला?
मग अब्दुलबासितचंही सांगावं लागेल.

अब्दुलबासित हद्दीपलीकडून येतो, दर बुधवारी, मध घेऊन.
तैझला भूमिती शिकवायचा.
त्याच्या घराला जाड दार होतं,
दोन कड्या, शिवाय अडसर.
गोळा छतातून आला.
"दाराला ओरखडासुद्धा नाही," तो सांगतो,
आणि त्या दाराच्या किल्लीने
मधाच्या डब्याचं झाकण उचकटतो.
तोफेपाशी जो होता
त्यानेही त्या पहाटे वजू केलं असेल,
कोपरापर्यंत, नीट, तीनदा.

मधे फक्त दोन घाट आणि एक चौकी.
पलीकडेही बाया मुलाला निजवताना तेच पुटपुटतात
जे मी पुटपुटायचे.
मग इथे झोप लागते आणि तिथे नाही, ते का?
तेल, म्हणतात शिकलेले.
सुलतान, म्हणतात पगारवाले.
अल्लाची मर्जी, म्हणतो बाप,
पण तोही हल्ली जरा थांबून म्हणतो.

आणि माझी बहीण मुझना.
रात्री दोनला इस्पितळातून एकटी चालत येते,
वाटेत कुत्रंही भुंकत नाही.
घरी पोचली की आतल्या खोलीला
आतून खुर्ची लावते.
नवऱ्याचं नाव ती कुणाला सांगत नाही,
मीही सांगत नाही.
शांत गावात
काही जणींना जास्तच शांत राहावं लागतं.

चहा उतू गेला. मी पुन्हा ठेवला.
तो वाट बघत होता, हो म्हणेन किंवा नाही,
बोट त्याचं काचेच्या बटणावर.
तुमच्या गावात कसं आहे, मी विचारलं.
तो हसला. "तसं बरंय. काही गल्ल्या सोडून."
मग मीही हसले.
त्याच्या गावाला गल्ल्या होत्या,
आमच्या वाट्याला सगळा मिळून एकच शब्द.

इतक्यात धुक्यातून काठी ऐकू आली.
टक. टक. मग पाऊल.
बाप मशिदीतून परत येत होता.
पन्नास वर्षांमागे याच डोंगरात लढाई होती,
दोन्ही बाजूंना रोजे धरणारे,
आणि शेळ्यांच्या वाटेवर कुणी पेरून ठेवलेला सुरुंग.
डावा पाय तिथे राहिला.
आता डांबरी रस्ता आहे, दिवे आहेत,
पोरं रात्रभर फुटबॉल खेळतात त्या माळावर,
तरी तो प्रत्येक पावलाआधी
जमिनीला दोनदा विचारतो.

प्रवाशाने गाडी सुरू केली.
"जाऊ?"
थांबा, म्हटलं.
आधी त्यांना जाऊ द्या.