अडतीस सेकंद

नाव नव्हतं त्याला. एक साल, दोन अक्षरं, एक आकडा.
इराइदा म्हणाली, ही तर भुईमुगाची शेंग,
आणि त्या रात्रीपासून तो लघुग्रह ‘ती’ झाला.
दोन दाण्यांची, कमरेत आवळलेली,
पाचशे मीटर लांब, एका टोकाला धोंडा
कुणी खाली टेकवून विसरल्यासारखा.

अरेसिबोच्या डोंगरात, तबकडीच्या जाळीखाली
गुडघाभर नेचे वाढायचे. पाऊस आरपार पडायचा.
माझं काम प्रक्षेपकाचं: कळ दाबायची, हात काढून घ्यायचा.
मग इराइदा मोजायची, ओठांतल्या ओठांत.
एकोणीस सेकंद जाणं, एकोणीस येणं.
बाहेर कोकी बेडूक, को-की, को-की,
जो तो स्वतःच्याच हाकेला ओ देणारा.
सदतीस. अडतीस.
पडद्यावर करड्या ठिपक्यांची कड उमटायची,
फक्त आमच्याकडची. पलीकडे काळोख तसाच.

पुढं कळलं, ती सबंध दगडही नाही.
खडीचा ढीग; खडा खड्याला नुसता टेकलेला.
अकरा तासांत एकदा कूस बदलते, जपून,
जोरात फिरली तर विखरून जाईल.
आणि दिवसभर प्यालेलं ऊन
कलत्या अंगानं परत करते, जरा उशिरा.
त्या परतफेडीचा धक्का
तळहातावर पीस पडल्याइतकाही नसेल,
पण तेवढ्यानं तिची वाट वर्षाला दीडशे मीटर सरकते.
‘उधारी ठेवत नाही ना, म्हणून भरकटते,’
इराइदा म्हणाली. तिचा नवरा तेव्हा ऑर्लँडोत होता,
दोन महिन्यांसाठी गेलेला, चौथं वर्ष चालू.

डिसेंबरात एका सकाळी तारा तुटल्या.
मी कॉफी गाळत होतो. फडताळातल्या बश्या वाजल्या.
भूकंप, कुंपणापलीकडून विल्फ्रेदो ओरडला.
मी गॅस बंद केला. बोललो नाही काही.

तिचं चालूच: आत शुक्राजवळ, बाहेर मंगळापल्याड,
सातव्या वर्षी आमच्या दारावरून.
काल आली. चंद्राच्या पंधरापट लांबून.
धोका नाही, म्हणून बातमीही नाही.
इराइदानं जुन्या फाटकापाशी गाडी लावली,
काच खाली केली, पाय डॅशबोर्डवर.
खाली वाटीत नेचे आता पुरुषभर उंच.
पाठवायला आमच्याकडे काही नव्हतं.
तरी ती मोजू लागली, उनो, दोस, त्रेस...
एकोणिसाला मी वर पाहिलं. ढग.
सव्विसाला चाकाजवळच एक कोकी ओरडला
आणि तिचा आकडा चुकला.

‘पुन्हा,’ ती म्हणाली,
आणि माझा हात
आपसूक मागं आला.