पात्र निवडा

वडील झाबझेला, मी व्रोत्स्वाफला,
मध्ये दोन तासांची रेल्वे
आणि एक हेडफोन, जो ते अजून उलटा घालतात.

"पाच जण उभे आहेत," ते म्हणाले.
"कुठलाही घ्या बाबा, पुढे बदलता येतो."
इथे चुकलं माझं.
एकसष्ट वर्षांच्या माणसाला
बदलता येतो म्हणाले.

पलीकडे किटलीची शिट्टी. खुर्ची सरकली.
चष्मा पुसला असणार.
मग एकेकाची चौकशी सुरू झाली,
जणू उद्यापासून कामावर घ्यायचंय.

योद्धा: "एवढं लोखंड अंगावर. पाठ किती दिवस टिकणार याची?
आमचा ओतोकार असाच होता,
बावन्नाव्या वर्षी पट्टा बांधून बसला."
जादूगार: "नखं बघ किती स्वच्छ." पुढे.
तिरंदाज बाई: "हिला लांबचं दिसत असेल, मला कुठे दिसतंय?"

वैदूपाशी ते थांबले.
त्याच्या हातात हिरवा दिवा, झोळीत मुळ्या.
मला वाटलं, झालं, हाच.
आईची शेवटची दोन वर्षं,
गोळ्यांचे सात खणांचे डबे,
रात्री तीनला उठून कूस बदलून देणं.
मी तर मनातल्या मनात मैत्रिणीला सांगूनही टाकलं,
अगं, बाबांनी वैदू घेतला.

"नको," ते म्हणाले. "ते झालंय करून."

"आणि हा कडेचा?"
"तो चोर. अंगावर धड कपडे नसतात त्याच्या,
एका फटक्यात मरतो. नवख्यानं घेऊ नये."
"लपता येतं?"
"येतं."
"चढता?"
"बहुतेक."
माऊसची टिकटिक झाली. एकदाच.

माझ्या वडिलांनी तेहतीस वर्षं
यार्डात रात्रपाळीला वाघिणी मोजल्या.
एक कमी भरली तर पहाटेपर्यंत पुन्हा मोजल्या.
माझ्या खिशात शाळेतला खडू सापडला, अर्धाच,
तर भर थंडीत मला शाळेपर्यंत चालवत नेलं
आणि बाईंच्या हातात तो द्यायला लावला.

"बाबा, चोर?"
"हो."

चहा ढवळल्याचा आवाज, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"नऊ वर्षांचा होतो.
कोळशाची गाडी सिग्नलला हळू व्हायची.
मी वर चढून ढेकळं खाली टाकायचो,
गिझेला गोणीत भरायची.
रखवालदाराची विजेरी दिसली
की कोळशावर पालथा पडायचो.
तोंड काळं, हात काळे, सदरा काळा.
मी तिथे नसायचोच.
सबंध हिवाळ्यात एकदाही सापडलो नाही."

आणि मग, जरा लाजत,
जसं कुणी म्हणावं की लहानपणी मी बरा गायचो:
"मला ते फार छान जमायचं."

पंधराव्या वर्षी एका मुकादमानं
त्यांचे तळवे उलटसुलट बघितले
आणि म्हणाला, यार्डात टाका याला.
अशी पाच जणांची रांग
त्यांच्यासमोर कुणी उभी केली नव्हती.

नाव त्यांनी एका बोटानं टाईप केलं: गिझेला.
"ती ग्लिवित्सेला आहे, ठणठणीत,
देवळात वर्गणी गोळा करते. तिला बोलू नकोस."

खेळात संध्याकाळ होती.
वेशीतून सगळे नवखे धावत सुटले होते,
कुणी घोड्यावर, कुणी उगाच उड्या मारत,
एकजण तर नुसताच नाचत होता.
माझे वडील धान्याच्या गाडीखाली शिरले
आणि तिथेच राहिले.
अकरा मिनिटं.

"बाबा, बाहेर या. इथे काही होत नाही,
हे पहिलंच गाव आहे."

"थांब," ते कुजबुजले.
दोन तासांच्या अंतरावरून, रिकाम्या स्वयंपाकघरात,
खरोखर कुजबुजले.
"तो दिवेवाला पुढे जाऊ दे."