खिडकी क्रमांक तीन

डुलुथच्या कोर्टात, तळमजल्यावर,
तीन वर्षं मी एकच वाक्य बोलते आहे :
माफ करा, मला कायदेशीर सल्ला देता येत नाही.
दिवसाला चाळीसदा. सर्दी असली की जरा घोगरं.

लोक घर खाली करायची नोटीस आणतात,
इतक्यांदा उघडून मिटलेली
की कागद घडीवर फाटलेला,
आणि विचारतात, यातल्या कुठल्या चौकोनात खूण करू?
मला माहीत असतं.
मी फॉर्म पुढे सरकवते.

आता माझ्या खणात दोन पत्रं आहेत.
एक पूर्वेकडच्या कॉलेजचं,
ज्याचं नाव काढलं की समोरचा खुर्चीत सावरून बसतो.
दुसरं सेंट पॉलचं, अडीच तासांवर,
फी जवळजवळ माफ.

दोन्हीकडे जाऊन आले.
पूर्वेला जिन्यावर एका मुलाला विचारलं,
भाडेकरूंचे खटले इथे कोण शिकवतं?
तो हसला नाही, भला होता.
म्हणाला, आधी चार वर्षं मोठ्या फर्ममध्ये,
कर्ज फिटलं की मग हवं ते.
ते 'मग' त्याने असं उच्चारलं
जसं बाबा गोदीवरून आल्यावर, बूट काढता काढता,
'रिटायर झाल्यावर' म्हणतात.

सेंट पॉलला तळघरातल्या एका खोलीत
दुसऱ्या वर्षाची एक मुलगी
अशिलाचं बाळ कडेवर घेऊन फाइल वाचत होती.
हीटर बंद.
बाळाने तिच्या टिपणांवर दूध काढलं.
मला वाटलं, ठरलं.

पण लुंडीनबाईंनी,
एकतीस वर्षं खिडकी क्रमांक एक,
डबा उघडता उघडता सगळं विस्कटलं.
"तिथे शिकलीस तर हा फॉर्म नीट भरून देशील, ऐला.
चांगलंच आहे ते.
पण हा फॉर्म लिहिला कोणी?
ही मुंगीएवढी अक्षरं, हे सातच दिवस?
ती माणसं कुठे शिकली, बघ एकदा."
आणि व्हिनेगरमधली काकडी मोडून अर्धी मला दिली.

बघितलं.
समितीत पाच नावं. चार त्याच जिन्यावरची.

रात्री कागदावर दोन रकाने आखले.
कर्जाचा आकडा एवढा लांब
की शेजारच्या रकान्यात शिरला.

बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, खिडकी लावून घेतली.
चेकबुक होतं, पेन नव्हतं.
लोकांच्या बाजूला साखळीने बांधलेलं एक असतं,
साखळी आत पोचत नाही.
वळसा घालून बाहेर गेले,
ते उभे राहतात तिथे उभी राहिले.
त्या बाजूने काउंटर उंच आहे,
छातीला लागतं.
हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

सेंट पॉलच्या नावाने चेक लिहिला.
पूर्वेचं पत्र फाडलं नाही.
त्याच्या पाठीवर बाईंचा प्रश्न आहे,
माझ्याच अक्षरात.

मागून कुणीतरी खाकरलं.
हातात नोटीस, अंगावर बेकरीचा पांढरा कोट, बाहीला पीठ.
"बाई, इथे सल्ला मिळतो का?"

दोन वर्षांनी, म्हणाले मी,
तोंडून निघून गेलं.
त्याच्याकडे सात दिवस होते,
त्यातले तीन गेले होते.